दोन्ही काठांचे दगड

जखम डोक्याच्या मागच्या बाजूला होती. डाव्या कानापासून चार बोटं आत, कवटी जिथं मानेकडे वळते त्याच्या जरा वर. तोंड फार मोठं नव्हतं, चांदीच्या जुन्या रुपयाएवढं. पण कडा आत दबल्या होत्या आणि काही केस त्या खळग्यात ओढले जाऊन तिथंच चिकटले होते. रक्त आता थांबलं होतं. त्याच्या जागी पाण्यासारखं पातळ, किंचित पिवळसर काहीतरी पाझरत होतं आणि कापसाच्या बोळ्यावर त्याचं वर्तुळ हळूहळू पसरत होतं.

ते वर्तुळ म्हणजे काय, हे कौशल्याला कोणी सांगायला नको होतं. नागपूरच्या ह्याच सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ती रक्त तपासायचं काम करी. कवटी फुटली होती आणि मेंदूभोवतीचं पाणी बाहेर येत होतं.

"डोकं धर वं नीट," वॉर्डातली नर्स सिंधूताई म्हणाली. "तुह्या गावचे मास्तर न हे?"

"हो. मला शिकवलंय त्यांनी."

"मंग तू बाजूले हो बाप्पा. मी करतो माह्या हातानं."

कौशल्या बाजूला झाली नाही. तिनं दोन्ही तळव्यांत चंपतराव मास्तरांचं डोकं धरून ठेवलं आणि सिंधूताईनं पट्टी बांधली. मास्तर शुद्धीवर नव्हते. नाकपुड्या फुलत होत्या, मिटत होत्या, आणि दर थोड्या वेळानं श्वास असा अडे की त्यांची बायको इंदूबाई पायथ्याशी उठून उभी राही.

त्याच वॉर्डात गोटमारीच्या दगडफेकीत जखमी झालेले आणखी लोक होते. एकाचं कपाळ, एकाची भुवई, एकाचे पुढचे दात, एका पोराचा डोळा. सगळ्यांना पुढून लागलं होतं. नदीकडे तोंड करून उभं राहणाऱ्याला पुढूनच लागतं. मागून लागलं होतं ते एकट्या मास्तरांना, आणि ते आपल्या गावच्या, बेलखेडीच्या काठावरून नदीत उतरले होते. म्हणजे दगड आपल्याच काठावरचा होता.

पण कौशल्याला हे जखम पाहून कळलं नव्हतं. तिनं दगड मारणारा हात पाहिला होता. तो तिच्या सख्ख्या भावाचा होता, आणि अजून तिनं ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

*

बेलखेडी नरखेड तालुक्यातलं अगदी कडेचं गाव. संत्र्याच्या बागा, कपाशी, विहिरीवर मोटा, एखादंदुसरं इंजिन. नदी ओलांडली की मोहदी. दोन्ही गावं पूर्वी एकाच मध्यप्रांतात होती. तेव्हा कचेरीत मराठी चाले आणि हिंदीही चाले. मग राज्यं नव्यानं आखली गेली आणि रेघ नदीतून गेली. मोहदीचे लोक घरात मराठी बोलत आणि पटवाऱ्याकडे हिंदीत अर्ज देत. बेलखेडीच्या टोकाला लोधी लोकांची वस्ती होती, ती घरात हिंदी बोले आणि तलाठ्याकडे मराठीत अर्ज देई. म्हणजे दोन्ही काठांवर घरात एक आणि कचेरीत दुसरी अशी माणसं झाली. सुरुवातीला त्याचं कोणाला काही वाटलं नाही. सोयरिकी पूर्वीसारख्याच होत राहिल्या, बैल पूर्वीसारखेच इकडचे तिकडे विकले गेले.

गोटमार त्याहून कितीतरी जुनी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं खोड रोवायचं, त्याला निशाण बांधायचं, आणि दोन्ही गावांनी आपापल्या काठावरून एकमेकांना दगड मारायचे. जो दगड खात जाऊन निशाण आणेल त्याच्या गावाचं वर्ष बरं. मामा भाच्याला मारी, जावई सासऱ्याला मारी, आणि संध्याकाळी डोक्याला फडकी बांधून सगळे एका पंगतीत बसत. कधी माणूस मरे. तरीही पोलिसांत कोणी गेलं नव्हतं, कारण गोटमारीला एकच नियम होता. हात ओळखायचा नाही. दगड कोणी मारला हे दिसलं तरी दिसलं म्हणायचं नाही. कौशल्याच्या वडिलांचा डावा डोळा गोटमारीत गेला. दगड मोहदीच्या कोणाचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांनी त्याच माणसाची मुलगी त्यांनी सून म्हणून घरात आणली.

ती सून भैय्याजीची बायको. भैय्याजी म्हणजे कौशल्याचा थोरला भाऊ. गावाचा सरपंच, सगळ्यांत मोठ्या बागेचा मालक. वडील गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं. कॉलेजात घालायची त्याची तयारी नव्हती, पण चंपतराव मास्तर रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसत आणि विषय काढत. अखेर भैय्याजीनं वैतागून हो म्हटलं. नंतर चारचौघांत तो ते फुशारकीनं सांगे, "माही बहीण नागपूरले डाक्टराइच्या बरोबरीनं काम करते."

मग राजभाषेचा कायदा झाला. राज्याचा कारभार मराठीत चालणार, असं त्यात होतं. भैय्याजीनं त्यावरून गावच्या शाळेकडे पाहिलं.

शाळेच्या एका खोलीत हिंदीचा वर्ग होता. इंग्रजांच्या वेळेपासूनचा. लोधी वस्तीतली लहान पोरं पहिली-दुसरी तिथं हिंदीत शिकत आणि तिसरीपासून मराठीच्या वर्गात येऊन बसत. दोन्ही वर्ग मास्तरच घेत. मधलं दार उघडं असे आणि मास्तर उंबऱ्यात उभे राहून इकडे मराठीत आणि तिकडे हिंदीत तेच गणित सांगत. कौशल्या लहानपणी ते ऐकतच मोठी झाली. एकच उत्तर दोनदा ऐकू येई आणि दोन्ही वेळा तेच असे, याचा तिला फार आनंद होई.

यंदा ती पोळ्याला रजा घेऊन गावी गेली होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सभा भरली. भैय्याजी खुर्चीवर, बाकीचे जमिनीवर, बाया भिंतीच्या कडेला.

"मास्तर," भैय्याजी म्हणाला, "कायदा आला न आता? राज्याची भाषा मराठी. मंग हा हिंदीचा वर्ग काहून चालून राहिला?"

"कायदा कचेरीसाठी आहे, भैय्याजी. लहान पोट्ट्याइले घरच्या भाषेत शिकवा, हे घटनेतच लिवलं आहे. मी जिल्ह्याले विचारलं. वर्ग चालू ठेवा म्हणते ते."

"जिल्हा गेला खड्ड्यात. तिकडं मोहदीले मराठी शाळा बंद पाडली. माह्या साळ्याचे पोट्टे हिंदी घोकून घोकून रडते. आन् अठी आपण याइची हिंदी पोसाची?"

मास्तर म्हणाले, "तिकडच्या पोट्ट्याइले थापड बसली. आता अठीच्या पोट्ट्याले मारलं तर त्याइच्या गालावरची सूज उतरन का, भैय्याजी?"

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. मग आणखी दोघं. हसणारे भैय्याजीच्याच बागेतले गडी होते. भैय्याजी त्यांच्याकडे वळला नाही. त्यानं फक्त खुर्चीच्या हातावरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"परवा नदीवर या मास्तर," तो म्हणाला. "तठी द्या भाषण."

*

लोधी वस्तीतली पोरं दरवर्षी बेलखेडीकडूनच उतरत. त्यांचं गाव तेच होतं. मागची दोन वर्षं निशाण आणलं होतं ते त्यांच्यातल्या नत्थूनं. उंच, हाडकुळा, पाठीवर दगड घेत घेत वाकून पळायची त्याला कला होती. गावानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं, आणि भैय्याजीनं स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला होता.

यंदा तो काठावर आला तेव्हा भैय्याजीची माणसं काठ्या घेऊन उभी होती.

"ए नत्थ्या, तू कोणाकडून बे?" भैय्याजीनं विचारलं.

"काहे? अपने गाँव से।"

"हिंदीवाले तिकडं. तुमचं राज्य पलीकडं आहे. जा."

"हम तो इधरकेच हैं, भैय्याजी," नत्थू हसत म्हणाला. त्याला ती थट्टा वाटली. पहिली काठी त्याच्या तोंडावर बसली तेव्हाही तो अर्धवट हसत होता.

दोन्ही काठांवर ढोल वाजत होते. उंच दरडीवरच्या देवळापाशी बायांच्या घोळक्यात कौशल्या आपल्या आईजवळ उभी होती. तिला सगळं दिसत होतं. लोध्यांची पाच-सात पोरं काठ्यांच्या मारानं पाण्यात ढकलली गेली. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. मोहदीवाल्यांना वाटलं, हे निशाणावर चालून आले. त्यांनी गोफणी फिरवल्या. पोरं मागं वळली तर बेलखेडीच्या काठावरून दगड आले. एक पोर तोंडावर हात धरून खाली बसलं, पाण्यातच, आणि पाणी त्याच्याभोवती लाल झालं. दुसऱ्याच्या गुडघ्यावर दगड बसला आणि तो आडवा झाला. नत्थू त्या दोघांवर वाकला. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी दगड पडत होते. पोती झोडपावी तसा आवाज.

अशी गोटमार कोणी पाहिली नव्हती.

तेव्हा मास्तर पाण्यात उतरले. उभ्या जन्मात ते गोटमारीत गेले नव्हते. त्यांनी धोतर वर खोचलं, दोन्ही हात डोक्याच्या वर केले आणि सरळ पोरांच्या दिशेनं चालू लागले. मोहदीच्या काठानं त्यांना ओळखलं. तिकडच्या गोफणी थांबल्या. तिकडच्या कितीतरी बापांनी याच मास्तरांकडून अक्षरं गिरवली होती.

कौशल्याची नजर भैय्याजीवर गेली ती सहज. तो काठाच्या पुढं आलेल्या सपाट खडकावर उभा होता, मास्तरांपासून पंधरा-वीस हात मागं. त्यानं डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. मग हातातला दगड एकदा फिरवून नीट पकडला, झाडावरचा कैरीचा घोस पाडताना करतात तसं जरासं मागं झुकून नेम धरला आणि मारला. आवाज तिच्यापर्यंत आला नाही. नुसतं मास्तरांचं डोकं पुढं झटकलं. हात तसेच वर राहिले, आणि मग मास्तर गुडघ्यांवर आले, आणि मग पाण्यात.

त्यांना बाहेर काढलं ते नत्थूनं. खांद्यावर टाकून, पाण्यातून धडपडत, बेलखेडीच्याच काठाला. मास्तरांना वाळूवर ठेवून तो सरळ होतो न होतो तोच भैय्याजी ओरडला, "नत्थ्यानं मारलं! लोध्यानं मास्तर मारला!"

ढोल थांबले. म्हाताऱ्यांनी हातातले दगड खाली टाकले. गोटमारीत कोणाचं नाव घेतलेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. भैय्याजीनं ते घेतलं होतं.

तेवढ्या एका क्षणात काही बोलता आलं असतं. कौशल्यानं तोंडही उघडलं होतं. पण आई, पार्वतीबाई, तिच्या दंडाला धरून होती, आणि त्या पकडीवरून तिला कळलं की आईनंही पाहिलंय.

मग सगळं सुटलं. नत्थूचा उजवा हात खडकावर ठेवून त्यावर दगड घातला गेला. एकदा नाही, बोटं चिखलासारखी होईपर्यंत. पळालेल्या पोरांच्या मागं माणसं धावली ती वस्तीपर्यंत गेली. कौशल्या मास्तरांना घेऊन संत्र्याच्या ट्रकमध्ये चढली, एका बाजूला इंदूबाई. ट्रक सडकेला लागला तेव्हा मागं गावाच्या टोकाला धूर होता. मास्तरांचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि लुगडं गुडघ्यापर्यंत गरम, ओलं झालं होतं. ती श्वास मोजत राहिली, कारण दुसरं काही तिला सुचत नव्हतं.

*

नत्थूला पोलिसांनी त्याच वॉर्डात आणून टाकलं. भैय्याजीनं फिर्याद दिली होती. डावा हात बेडीनं खाटेला बांधलेला, उजव्याच्या जागी पट्ट्यांचा गोळा. ठाण्यातही त्याला मारलं होतं. ओठ फाटलेला, एक कान काळानिळा, मांड्यांवर वळ. दाराशी शिपाई बसला.

कौशल्या त्याचं रक्त काढायला गेली. प्रयोगशाळेतलं दुसरं कोणी जाऊ शकलं असतं, पण ती गेली.

"दीदी," तो म्हणाला, "मास्टरजी को होश आया क्या?"

"अजून नाही."

"आएगा तो बोल देंगे न वो? नत्थू ने उठाया करके?"

तिनं सुई घातली. शीर पहिल्यांदा सापडली नाही.

"मारो मारो," नत्थू म्हणाला, "इत्ते खाए, एक सुई से क्या होता." तो हसायला गेला आणि फाटलेला ओठ पुन्हा सुटला. मग हळूच त्यानं विचारलं, "दीदी, हमारे बापू का कुछ पता चला? घर में ही थे. चलते नहीं बनता न उनको."

गावाहून आलेल्या लोकांकडून कौशल्याला कळलं होतं. म्हातारा खाटेवरून उठूच शकला नव्हता. पेटलेलं छप्पर त्याच्यावर पडलं. तिनं नळीतलं रक्त हलवत राहून सांगितलं, "माहीत नाही मला." एवढं खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

मास्तर शुद्धीवर येतील आणि स्वतःच सांगतील, म्हणून ती थांबली होती. तसं ती स्वतःला सांगत होती. पण मागून आलेला दगड मास्तरांनी पाहिलाच नव्हता. ते उठून बसले तरी त्यांना काय सांगता येणार होतं? हे तिला कळत होतं, आणि तरीही ती थांबली होती. रक्ताचे गट जुळवताना तिच्या हातून आजवर चूक झाली नव्हती. आता ती एकेक काचपट्टी परत परत पाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भैय्याजी आला. बरोबर आई, आईच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. तो तिला वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीमागं घेऊन गेला.

"जेवली का वं?"

"नाही."

"माय, दे तिले." मग तो टाकीला टेकला. "फौजदार येईन आता. गावातल्या पाच-सहा जणाइनं सांगतलं, पण ते अडाणी. तू शिकलेली, दवाखान्यातली. तुह्या शब्दाले वजन आहे. तू सांग, मास्तर वळले होते. तोंड आपल्या गावाकडं होतं. मागून नत्थ्यानं मारला."

"ते वळले नव्हते, दादा."

"वळले होते."

"पाण्यात होते. हात वर होते. तोंड मोहदीकडं होतं."

भैय्याजीनं तिचा डावा हात हातात घेतला. लहानपणी जत्रेत घेई तसाच, गर्दीत हरवू नये म्हणून. "मी तुले शिकवलं. लोकं म्हणे, पोरीले काहून शिकवता गा. मी शिकवलं. का नाही?"

"शिकवलंस."

"मंग?" त्यानं तिची करंगळी मुठीत धरली आणि मागं वाकवायला लागला. घाई न करता. "मले मारायचं नव्हतं त्याले. भेव दाखवाचा होता. लागला. आता काय करतं? मी जेलात जाऊ? तुही वहिनी, पोट्टे, ही माय, सगळे जाळू?"

"नत्थूचा बाप जळला."

"हव. जळला." त्यानं आणखी वाकवली. "सांगशीन न?"

तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हाड मोडताना तिला ते आधी ऐकू आलं, वाळकी काडी मोडावी तसं, आणि मग दुखणं वर दंडापर्यंत चढलं. भैय्याजीनं हात सोडला आणि तोच घाबरल्यासारखा दिसला. तो पटकन पायऱ्या उतरून गेला. खाली आवारात त्याची माणसं जमत होती.

पार्वतीबाई भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"माय, तू पाह्यलं न?"

"गोटमारीतला हात ओळखाचा नसते, बाई. तुह्या बापानं डोया दिला, पण नाव नाही घेतलं."

"मग दादानं काहून घेतलं? त्यानं तर नत्थूचा हात ओळखला. सगळ्या गावासमोर."

म्हातारीनं पदराच्या टोकाची चिंधी फाडली आणि कौशल्याची करंगळी शेजारच्या बोटाला बांधली. गाठ मारताना तिचं डोकं इतकं खाली होतं की तोंड दिसत नव्हतं.

*

वॉर्डातून इंदूबाईचा आवाज आला. तो एकच आवाज होता, शब्द नव्हते. कौशल्या आत गेली तेव्हा मास्तरांच्या नाकपुड्या स्थिर होत्या. सिंधूताईनं मनगट धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि चादर वर ओढली.

बाहेर बातमी कोणी सांगितली कोणास ठाऊक. आवारातून ओरडा उठला. "खून! मास्तरांचा खून! काढा त्या लोध्याले बाहेर!" पहिला दगड खिडकीची काच फोडून आत आला आणि गोटमारीत डोळा गेलेल्या त्या पोराच्या खाटेवर पडला. दुसरा सिंधूताईच्या कपाळावर बसला. ती भिंतीला धरून खाली बसली, आणि रक्त भुवईवरून गालावर, पांढऱ्या कपड्यांवर गळू लागलं.

"दवाखान्यात दगड मारता मेल्याहो!" ती ओरडली. "अठी कोणती नदी आहे रे तुमची!"

दार कोसळल्यासारखं उघडलं. शिपायाला त्यांनी बाजूला लोटलं. चौघं-पाचजण नत्थूच्या खाटेला लटकले. तो बेडीनं खाटेला अडकलेला, म्हणून त्यांनी खाटच ओढली. लोखंडी पाय फरशीवर किंचाळत गेले. एकानं सलाईनचा खांब उचलून त्याच्या छातीवर हाणला. दुसऱ्यानं पट्ट्या बांधलेला हात पकडून पिळला आणि नत्थू ओरडला. तो आवाज माणसाचा वाटेना.

"मैंने उठाया था! मैंने उठाया था मास्टरजी को!"

कौशल्या मधे पडली. कोणाचा तरी कोपर तिच्या दातांवर बसला. ती खाटेच्या दांड्याला दोन्ही हातांनी लटकली, मोडलेल्या बोटासकट, आणि खाटेबरोबर फरपटत दारापर्यंत गेली. तोंडात रक्ताची चव होती. इंदूबाई मास्तरांच्या पायांवर आडवी पडून ओरडत होती, पण तिचं कोणाला ऐकू येत नव्हतं.

मग लाठ्या आल्या. फौजदारांची गाडी आवारात शिरली होती. शिपायांनी दारातल्या माणसांना पाठीवर, टाळक्यावर, जिथं लागेल तिथं हाणलं. गर्दी मागं हटली. फरशीवर चपला, काचा, रक्ताचे पुसट पट्टे राहिले. तिरकी झालेली खाट दाराच्या चौकटीत अडकली होती आणि तिच्यावर नत्थू कुशीवर पडून धापा टाकत होता.

फौजदार पोक्त, जाड चष्म्याचे होते. त्यांनी मास्तरांच्या चादरीकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली. "आता हा खुनाचा गुन्हा झाला," ते म्हणाले. "ह्याला सेंट्रल जेलात हलवा. बाहेर ठेवला तर रात्रीपर्यंत जगत नाही. फिर्यादी कुठं आहे?"

"अठीच आहे साहेब," भैय्याजी म्हणाला. तो दारातून आत आला. त्याच्या सदऱ्यावर कुठंही डाग नव्हता. "आन् ही माही बहीण. इनं सारं पाह्यलं. इचा जबाब घ्या, म्हंजे काम झालं."

फौजदारांनी कौशल्याकडे पाहिलं. तिचा ओठ सुजला होता. चिंधी बांधलेला हात तिनं छातीशी धरला होता.

"तुम्ही नदीवर होता, बाई?"

"हो."

"कुठून पाहत होता?"

"देवळाजवळून. दरडीवरून. तिथून दोन्ही काठ दिसतात."

"हे लावलं कोणी तुमच्या हाताला?"

"माझ्या आईनं."

आई दारात उभी होती. भैय्याजी तिच्या बाजूला सरकला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याची नजर मात्र कौशल्यावर होती. त्या नजरेत धमकी नव्हती. असती तर सोपं झालं असतं. त्या नजरेत विनवणी होती. तिला घरचे सगळे आठवले. वहिनी, तिची दोन पोरं, पोळ्याला शिंगांना रंग लावताना बैलांशी बोलणारा हा माणूस. तिनं तोंड उघडलं तर त्या घराच्या उंबऱ्याला ती पुन्हा कधी पाय लावू शकणार नव्हती. आणि नाही उघडलं तर हा खाटेवरचा माणूस फासावर जाणार होता.

"बोला बाई," फौजदार म्हणाले. "मास्तर कोणत्या बाजूला तोंड करून होते?"

"मोहदीकडे."

"वळले होते?"

"नाही. शेवटपर्यंत वळले नाहीत."

"ती घाबरली आहे साहेब," भैय्याजी म्हणाला. "मार लागला न तिले आता. जरा दम घेऊ द्या."

"घाबरले आहे," कौशल्या म्हणाली. "पण शुद्धीवर आहे."

फौजदारांनी भैय्याजीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. "मग दगड कोणी मारला?"

सिंधूताई कपाळावर कापूस दाबून भिंतीशी बसली होती आणि कौशल्याकडे बघत होती. इंदूबाईनं मास्तरांच्या पायांवरून डोकं वर केलं होतं. दारातून आईचा आवाज आला, अगदी बारीक, "कौशल्ये..." आणि तो पुढं काय म्हणणार होता ते कोणालाच कळलं नाही, कारण तोवर कौशल्या बोलायला लागली होती.

"नत्थूनं नाही मारला, साहेब. नत्थूनं त्यांना उचलून आणलं. दगड ह्यानं मारला. हा भैय्याजी, माझा सख्खा भाऊ. मी पाहिलंय, आणि कोर्टातही मी हेच सांगणार आहे."